किराण्याचं बजेट आणि जिभेचे चोचले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भिशीतल्या बायका, त्यांच्या नव्या सुना, शिकायला कोल्हापुरात आलेले भाचे-पुतणे मला बाजाराच्या हिशेबाबद्दल विचारत असतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सगळं कोल्हापुरातल्या चौघांच्या घराला धरून आहे. रुपयांचे आकडे उदाहरणापुरते आहेत, आजचा दर तुमच्या दुकानदाराला विचारा.

१. हिशेबाची सवयच नाही. सुरुवात कुठून करू?

पहिला महिना काहीही कमी करू नका, फक्त लिहा. दहा-वीस रुपयांची छोटी वही घ्या आणि ती फ्रिजवर किंवा चहाच्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे पिशवी खाली ठेवताना हात तिकडे जातो. चार रकाने पुरतात : किराणा, दूध-भाजी, मटण-अंडी आणि चौथा 'सहज'. यादीत नसताना जे जे घरात आलं ते सगळं 'सहज'मध्ये लिहायचं. दळण आणायला गेलो आणि शेजारच्या बेकरीतून खारी घेतली, ती सहज. दूध आणायला गेलो आणि सोबत थंड पेयाची बाटली आली, तीही सहज.

आमच्या घरी पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा महिनाअखेर 'सहज'चा रकाना मटणाच्या रकान्याएवढा भरला होता. मटणाचे चारही रविवार सगळ्यांना आठवत होते. 'सहज'मधल्या निम्म्या गोष्टी कुणी खाल्ल्या हे घरात कुणालाच सांगता येईना. मला तिथेच खरी गळती दिसली.

२. पगाराच्या किती टक्के किराण्यावर जावेत?

टक्क्यांच्या मागे लागू नका. भाड्याचं घर, म्हातारी माणसं, डब्याला जाणारी मुलं, प्रत्येक घराचं गणित वेगळं असतं. तीन महिने लिहा, तिन्हींची सरासरी काढा आणि त्यातून 'सहज'चा अर्धा भाग वजा करा. चौथ्या महिन्याची रक्कम ती. एकदम जास्त कापलं तर काय होतं ते पुढच्याच उत्तरात आहे.

३. यादी करताना आधी काय लिहायचं, डाळ-तांदूळ की खाऊ?

आधी चोचले लिहायचे. हे ऐकून बऱ्याच जणी चमकतात, पण मी ते ठरवून सांगते.

एका वर्षी घराचा हप्ता सुरू झाला तेव्हा मी सगळं एकदम बंद केलं होतं. रविवारचं मटण नाही, रंकाळ्यावरची भेळ नाही, मुलांचं आइस्क्रीम नाही. दोन आठवडे निभावलं. तिसऱ्या आठवड्यात घरातला प्रत्येक जण बाहेरून काहीतरी खाऊन यायला लागला आणि मला सांगेनासा झाला. धाकट्याच्या दप्तरात रिकामी पाकिटं सापडायला लागली. त्या महिन्यात खर्च वाढलाच, शिवाय घरात लपवाछपवी आली, आणि मला पैशापेक्षा तिचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून पगार झाला की वहीच्या पहिल्या ओळीवर त्या महिन्याचे तीन-चार चोचले नावानिशी लिहिते आणि त्यांचे पैसे वेगळे ठेवते. उरलेल्यात किराणा बसवते. चोचला आधी लिहिलेला असला की डाळीच्या बाबतीत काटकसर सुचते. तो शेवटी लिहायचा ठेवला की मग सगळ्यालाच पाय फुटतात.

४. कोणते चोचले ठेवायचे आणि कोणते सोडायचे?

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मी तीन गोष्टी बघते.

पहिली, तो पदार्थ घरी तसा होतो का? गंगावेशीत समोर धार काढून दिलेलं म्हशीचं दूध घरच्या पेल्यात तसं लागणारच नाही. ते राहू दे. मिसळीचंही तसंच. मटकीची उसळ मी घरी उत्तम करते, पण सकाळी सकाळी मिसळीच्या दुकानात बाकड्यावर बसून, पुन्हा पुन्हा कट मागून, ब्रेडचा तुकडा बुडवून खाण्याची मजा घरच्या उसळीत येत नाही. महिन्यातून एकदा मिसळ आमच्या यादीत पक्की आहे. पार्सल मात्र आणत नाही. घरी येईपर्यंत शेव भिजलेली असते, आणि पैसे तेवढेच गेलेले असतात.

दुसरी, तो कुणाबरोबर खाल्ला जातो? संध्याकाळी चौघं मिळून खासबागेत जाऊन खाल्लेली भेळ आणि टीव्हीसमोर एकट्याने संपवलेलं वेफर्सचं पाकीट यांत मी भेळ ठेवीन.

तिसरी, आठ दिवस नाही मिळाला तर कुणी विचारतं का? आमच्याकडे चहाबरोबरची क्रीमची बिस्किटं मी न सांगता बंद केली. पंधरा दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. टोस्ट बंद केले तर मात्र सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी डबा उघडून विचारलं. टोस्ट परत आले.

आणखी एक सांगते. चोचला म्हणजे बाहेरचंच खाणं असं नाही. आजरा घनसाळ तांदूळ हा माझा स्वतःचा चोचला आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीपासून सणाला शिजतो. महिन्याला एकच किलो आणते आणि वरण-भात-तूप असेल त्याच दिवशी लावते. शिजताना घरभर वास सुटतो. रोजच्याला साधा तांदूळ असतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

५. रविवारचं मटण परवडत नाही, पण घरात बंद करू देत नाहीत. काय करू?

कोल्हापुरात मटण हा जिव्हाळ्याचा विषय आहे. २०१९ च्या अखेरीस दरावरून इथे लोक रस्त्यावर उतरले होते. त्यामुळे बंद करायचा विचार सोडा, रविवार कमी करा.

आम्ही महिन्यातले दोन रविवार मटण ठेवलं. तिसऱ्या रविवारी अंड्याचा रस्सा आणि चौथ्याला अख्खा मसूर भाकरीबरोबर. मसालाही मटणासारखाच, कांदा-खोबरं भाजून. मात्र ज्या रविवारी मटण आणायचं त्या दिवशी हात आखडायचा नाही. चौघांना पाऊण किलो हाडासकट घ्या. शिजवलेल्या अळणी पाण्याचे दोन भाग केले की एकाचा पांढरा आणि दुसऱ्याचा तांबडा होतो, फोडींचं सुकं. एका पातेल्यातून तीन पदार्थ ताटात येतात. दर आठवड्याला पाव-पाव किलो आणून पाण्यात वाढवलेल्या रश्श्यापेक्षा हे मनाला जास्त पटतं.

६. मार्च-एप्रिल आला की चटणीमुळे बजेट कोलमडतं. यावर उपाय?

आपल्याकडे चटणी म्हणजे वर्षभर पुरणारा कांदा-लसणाचा तिखट मसाला. त्याची मिरची दर वर्षी येणार हे ठाऊक असतं, तरी आपण दर वर्षी दचकतो. चटणी हा वर्षाचा खर्च आहे, त्याचे पैसे वर्षभर साठवायचे.

आम्ही ३ किलो मिरची घेतो : रंगाला दीड किलो ब्याडगी, चवीला सव्वा किलो जवारी संकेश्वरी आणि जाळाला पाव किलो लवंगी. पहिल्यांदा करणाऱ्यांची चूक अशी होते की त्या मिरचीचेच पैसे मोजतात. सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरे, लसूण, दगडफूल, लवंग, वेलदोडे, कांदा तळायचं तेल आणि शेवटी डंकावरचं कांडप, हे धरलं की खर्च मिरचीच्या दुपटीवर जातो. समजा सगळं मिळून ३,६०० रुपये झाले, तर महिन्याला ३०० बाजूला टाकायचे. मी मेपासूनच पुढच्या वर्षीचं पाकीट सुरू करते.

बाजारातली तयार चटणी स्वस्त पडेल का, असंही विचारतात. दोघंच असाल आणि वर्षाला किलोभरच लागत असेल तर घरगुती करणाऱ्या ओळखीच्या बाईकडून घ्या. चौघांच्या घरात रोज आमटीला, उसळीला, रश्श्याला चटणीच पडते, तिथे घरची करा. कांदा खमंग कोरडा होईपर्यंत तळा आणि बरणीत मध्ये मध्ये हिंगाचे खडे घाला. ओला राहिलेला कांदा वर्षाची चटणी घालवतो, आणि त्यासारखं नुकसान नाही.

शाळू, गहू, तूरडाळ यांची बेगमी करत असाल तर पाकिटाची हीच रीत वापरा.

७. एकदम जास्त घेतलं की स्वस्त पडतं ना?

जे टिकतं आणि हाताला लागलं तरी जास्त खाल्लं जात नाही, ते जास्त घ्या : ज्वारी, डाळी, मीठ, साबण. फरसाण, बेदाणे, काजू यांचं मोठं पाकीट घरात आलं की दुप्पट वेगाने संपतं. तिथे बचत फक्त बिलावर दिसते.

गूळ ही आपल्याकडची खास अडचण. शाहू मार्केट यार्डात हंगामात दर बरा मिळतो म्हणून काही जण दहा किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, उचलतात. पावसाळ्यात तो पाझरतो, काळवंडतो आणि मुंग्या लागतात. चौघांच्या घराला एकेक किलोचेच रवे बरे.

पाकिटांच्या बाबतीत एमआरपीशेजारी एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो वाचा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्तच असतं असं नाही. दुकानात चष्मा विसरू नका.

८. घाण्याचं तेल किलोवर मिळतं आणि पिशवी लिटरची. तुलना कशी करू?

एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असतं, आणि १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दोन्ही डबे दिसायला सारखेच असतात, म्हणून छापलेलं वजन बघूनच दर विचारा. किलोच्या दराला ०.९१ ने गुणलं की लिटरचा दर निघतो.

शेंगतेल महाग वाटतं म्हणून पूर्ण सोडू नका. आम्ही फोडणीला शेंगतेल वापरतो आणि तळणच कमी केलं. माणशी महिन्याला एक लिटरच्या आत राहायचं, एवढा एकच नियम ठेवला.

९. दुधाचं बिल सगळ्यांत मोठं येतं. म्हशीचं सोडून गाईचं घ्यावं का?

साय साठवत नसाल तर घ्या, हरकत नाही. साठवत असाल तर आधी तूप मोजा. आमच्याकडे रोज दीड लिटर म्हशीचं दूध येतं. साय विरजून लोणी काढलं की महिन्याला सहाशे ग्रॅमच्या आसपास तूप होतं आणि ताकाची कढी दोन-तीन वेळा. त्या तुपाची बाजारातली किंमत दुधाच्या बिलातून वजा करून बघा, मग ठरवा. चहाला पाव लिटर गाईचं वेगळं घेणं हा मधला मार्गही काही घरांत चालतो.

१०. भाजीत पैसे कसे वाचवायचे?

हंगामाची भाजी घ्या आणि संध्याकाळी उशिरा बाजारात जा. लक्ष्मीपुरीत रविवारी किंवा कपिलतीर्थमध्ये दिवे लागल्यावर वाट्याचा भाव उतरतो. पालेभाजी मात्र त्या वेळी घेऊ नका, निम्मी टाकावी लागते.

११. मुलं दहा रुपयांच्या पाकिटांसाठी हट्ट करतात. किती ताणायचं?

आधी त्यांच्याचसमोर गणित मांडा. दोन मुलं, रोज एकेक पाकीट, महिन्याचे २६ दिवस : ५२० रुपये. आमच्या धाकट्याने हे स्वतः वहीत लिहिलं आणि तेवढ्यात बॅडमिंटनची रॅकेट येते का, असं विचारलं. त्याच आठवड्यात ठरलं : पाकीट फक्त शनिवारी, आणि ते कुठलं हे तोच ठरवणार.

बाकी दिवसांना भडंग. लसूण सालासकट ठेचायचा, तेलात कुरकुरीत होऊ द्यायचा, मग शेंगदाणे, कढीपत्ता, हळद. गॅस बंद केल्यावर चटणी आणि थोडी पिठीसाखर, आणि त्यावर कोरडे, कडक चिरमुरे. चटणी गॅस चालू असताना टाकली तर जळते आणि सगळं भडंग कडू होतं. डबा आठवडाभर पुरतो, निदान पुरायला हवा.

१२. दुकानात खातं आहे, वहीवर सामान येतं. हे वाईट आहे का?

खातं वाईट नाही. अडचणीच्या काळात त्याच वहीने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली आहे. धोका एवढाच की पैसे हातातून जाताना दिसत नाहीत. दुकानदाराच्या वहीतली ओळ त्याच दिवशी आपल्या वहीत उतरवा आणि 'सहज'च्या गोष्टी खात्यावर घ्यायच्या नाहीत हे घरात सगळ्यांना सांगा. त्या रोखीनेच.

१३. आमचा पगार आठवड्याला होतो. महिन्याचा बाजार जमत नाही.

मग महिन्याचा करूच नका. पहिल्या आठवड्यात तेल-साखर, दुसऱ्यात डाळी, तिसऱ्यात तांदूळ-ज्वारी, चौथ्यात साबण-चहा-मीठ, असं वाटून घ्या. दर आठवड्याला लागतं ते फक्त दूध, भाजी आणि एक ठरलेला चोचला. चोचला पगाराच्या दिवशीच करून टाका. तो लांबवला तर आठवड्याच्या शेवटी त्याचे पैसे दुसरीकडेच गेलेले असतात.

१४. रेशनचं धान्य बजेटमध्ये कसं धरायचं?

प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. वहीत किंमत शून्य लिहा, पण किलो लिहा, म्हणजे बाजारातून किती कमी आणायचं ते कळतं. तांदूळ भाताला आवडत नसेल तर भिजवून आंबोळीला वापरा, तिथे तो चांगला जातो.

१५. मी विद्यापीठात शिकतो, खोलीवर फ्रिज नाही. मला हे कसं लागू पडेल?

भाऊ, तुझा हिशेब महिन्याचा न धरता तीन दिवसांचा धर. कांदे, बटाटे, अंडी, पोहे, शेंगदाणे आणि घरून आणलेली चटणी एवढं फ्रिजशिवाय टिकतं. दही रोज छोटी वाटीभर. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांबरोबर बाहेर जेवणं होतच राहतं. ते महिन्यातून चारदा असं आधीच ठरव आणि चारांपैकी एक वेळ तू सगळ्यांना घेऊन मिसळीला जा. बाकीचं प्रश्न ३ आणि ४ मध्ये आहे.

१६. आषाढात आणि दिवाळीत सगळं मोडतं. तेव्हा काय?

आषाढात टेंबलाईची यात्रा, गल्लीचं जेवण, लगेच आषाढी अमावस्या. त्या महिन्यात मटणाचा रकाना दुप्पट होणार हे मान्य करून टाका. पुढे श्रावणात बहुतेक घरांत मटण बंद असतं. श्रावणात उरलेले पैसे आपोआप कुठेतरी विरघळतात, तसं होऊ देऊ नका. अर्ध्यातून आषाढाची तूट भरा, अर्धे फराळाच्या पाकिटात टाका. फराळातही सात प्रकार करायलाच हवेत असं नाही. घरात कुठले दोन आधी संपतात ते बघा, ते भरपूर करा आणि बाकीचे वाटीभर.

१७. पुराच्या दिवसांत भाव चढतात. साठा किती ठेवावा?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये महामार्ग बंद झाला तेव्हा भाजीपाल्याची आणि दुधाची काय ओढाताण झाली ते आपण पाहिलं आहे. जूनअखेर पंधरा दिवसांचं कोरडं सामान, मेणबत्त्या, दूध पावडरीचं पाकीट आणि भरलेला सिलिंडर घरात असू द्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की बाजारात झुंबड उडते, त्याच्या आधीच मोकळे व्हा.

नदीकाठच्या गल्लीत तळमजल्याला राहत असाल तर प्रश्न ६ मधली वर्षाची बेगमी करू नका. धान्य तीन महिन्यांचंच घ्या आणि चटणीची बरणी वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे ठेवा. माझ्या एका मावशीचा शाळू पोत्यातच मोड आलेला मी पाहिला आहे.

१८. घरात मी एकटीच उरले आहे. एकटीसाठी कसलं बजेट आणि कसले चोचले?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात चौघींनी विचारला, वेगवेगळ्या शब्दांत. त्यातली एक माझ्या सख्ख्या नात्यातली आहे.

एकटीचं सामान खरोखर कमी लागतं : महिन्याला अर्धा-पाऊण लिटर तेल, किलोभर डाळ, दोन-अडीच किलो ज्वारी. बिल लहान येतं, म्हणून वही नकोशी वाटते. पण एकट्या बायका पैसे जास्त घालवताना मला दिसत नाहीत. त्या नीट जेवत नाहीत. चहा-पावावर रात्र काढतात, आणि आमटी एका माणसासाठी कशाला करायची म्हणतात. म्हणून तुमच्या वहीत खर्चाबरोबर जेवणही लिहा : आज काय शिजवलं, एवढी एकच ओळ.

आणि प्रश्न ३ मधली पहिली ओळ तुम्हालाही आहे. मावशीला मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तुझे काका असताना आम्ही गुरुवारी गंगावेशीत दूध प्यायला जायचो." तिच्या वहीच्या पहिल्या ओळीवर आता तेवढंच आहे : गुरुवार, एक पेला. कधी कधी मी तिच्याबरोबर जाते, तेव्हा दोन.